संत अंतोनीच्या बहिणीचं पान

सर,

तुम्हाला बहीण आहे, हे मला तुम्हाला मातीत ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी कळलं.

एवढं लिहून मी बराच वेळ नुसता बसलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वाक्य संपलं ना? मग पुढचं लिही." पुढचं वाक्य असं की, तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली होती. हैदराबादच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मीच ती टाकली आणि तिच्या शेवटी मीच लिहिलं, 'साळवे सर अविवाहित होते. त्यांच्या मागे कोणी नाही.'

मंगळवारी सकाळी सातच्या आधी लक्ष्मम्मांचा फोन आला. तुमच्या घरमालकीणबाई मला कधी फोन करत नाहीत. "बाबू, सार उठते नै. कुर्सीमेंच बैठे हैं. जल्दी आओ." मी म्हणालो, वाचता वाचता डोळा लागला असेल. त्या म्हणाल्या, "नै बाबू. मैं हात लगा के देखी."

दिलसुखनगरहून अंबरपेठेला पोचायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. रिक्षावाल्याला पैसे दिले की नाही तेही आठवत नाही. दिले असणार, कारण तो ओरडला नाही. तुम्ही वेताच्या खुर्चीत होता. चष्मा डोळ्यांवर होता. मांडीवर पाट आणि पाटावर आपल्या पुस्तकाची प्रुफं. मी तीन वेळा 'सर' म्हणालो. तुमच्या एकाच पायात मोजा होता, डाव्या. मला वाटलं, दुसरा मोजा सापडला की सगळं नीट होईल. डॉक्टर येईपर्यंत मी पलंगाखाली वाकून मोजा शोधत होतो.

मग चर्चची माणसं आली. पास्टरांनी हळू आवाजात विचारलं, "नातेवाईक कोण कोण? लांबून येणार असतील तर फ्रीझरची पेटी मागवतो. नाहीतर आजच उरकू." सगळे माझ्याकडे पाहू लागले. अकरा वर्षं तुमच्या घरी येणारा माणूस मीच होतो. मी म्हणालो, "कोणाची वाट पाहायची नाही. सरांचं कोणी नाही." इतक्या खात्रीने मी एरवी काही बोलत नाही, सर. तुम्हीच मला 'कदाचित' म्हणायला शिकवलं होतं.

साडेचारला तुम्हाला माती दिली.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो इंग्रजीत नापास होऊन. देगलूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेला मुलगा जामबागेजवळच्या कॉलेजात बी.ए.ला बसला होता, चुलत्याकडे राहत होता, आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत सोळा मार्क. तुम्ही मराठीचे. स्टाफरूमच्या दारात मला थांबवून म्हणालात, "पेपर पाहिला तुझा. तुला इंग्रजी येत नाही हा तुझा रोग नाही. मराठी वाक्य कुठे संपतं ते तुला कळत नाही, हा रोग आहे. संध्याकाळी ये."

मी आलो. तुम्ही एक जाड जुनं इंग्रजी पुस्तक पुढे ठेवलंत, कोठीच्या फुटपाथवर घेतलेलं, पहिली पानं गेलेली. म्हणालात, रोज दहा ओळी. तू तुझ्या मराठीत आण, मी माझ्या मराठीत आणतो, मग भांडू. असं सुरू झालं आपलं. एका संताच्या चरित्रावर मी इंग्रजी शिकलो. आज दिलसुखनगरच्या क्लासमध्ये साठ मुलांना मी इंग्रजी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. देगलूरच्या मोंढ्यात पोती वाहणारे माझे वडील लोकांना सांगतात, "पोराला एका साधूनं शिकवलं." तो साधू अंतोनी की तुम्ही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तुमच्या चर्चमधले लोक तुमची थट्टा करायचे. "साळवे सर, संतबिंत ते रोमन कॅथलिक लोक मानतात, आपल्यात नाही." तुम्ही म्हणायचा, "संत कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो." आणि लक्ष्मम्मा! त्यांच्या गॅसचं पुस्तक हरवलं तेव्हा त्या धावत वर आल्या, "सार, तुम्हारे अंतोनी को बोलो, ढूंढ के देते बोलते." तुम्ही हसून हसून खोकलात. "अम्मा, वो दूसरा अंतोनी. हमारा वाला कुछ ढूंढता नै. वो खुद गुम होने को गया था."

खरंच, हरवायलाच गेला होता तो. सतराशे वर्षांपूर्वी, मिसर देशात. आईवडील एकाच सुमाराला गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता. मागे चांगली जमीन आणि एक लहान बहीण. ख्रिस्ती देवळात त्याने ऐकलं की, तुझं असेल ते विकून गरिबांना दे. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बाकीचं विकून वाटलं, बहिणीपुरतं थोडं ठेवलं. पुन्हा एकदा देवळात गेला, उद्याची चिंता करू नका हे ऐकलं, आणि बहिणीसाठी ठेवलेलं तेही वाटून टाकलं. तिला व्रतस्थ बायकांच्या हवाली केलं आणि निघाला. आधी थडग्यांत राहिला. मग ओसाड गढीत वीस वर्षं. चटया विणायचा, प्रार्थना करायचा. शेवटी लोकांनी दार मोडलं तेव्हा तो बाहेर आला, ना सुकलेला ना सुटलेला, जसा आत गेला तसा.

दार मोडण्याच्या ओळी आपण पहिल्यांदा केल्या त्या दिवशी तुम्ही स्वतः उठून शिरा केला होता. त्यात साखर विसरला होता. आपण तो तसाच खाल्ला.

पण बहिणीच्या ओळींवर आपलं भांडण कधी मिटलं नाही. ती पुन्हा एकदाच येते, शेवटीशेवटी. अंतोनी म्हातारा झाल्यावर तिला भेटतो. तीही म्हातारी झालेली, इतर बायकांची पुढारीण झालेली. तुम्ही लिहिलं होतं, 'तिला पाहून त्याला फार आनंद झाला.' बस्स.

"त्याला आनंद झाला," मी म्हणायचो. "आणि तिला?"

"लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही लिहा."

"जे मला माहीत नाही ते मी लिहिणार नाही."

"सर, ज्याने बहिणीच्या वाटणीचंही दान करून टाकलं तो कसला संत?"

"तुमच्या घरातल्या फोटोत जे आहेत त्यांनीही राजवाडा आणि बायकोमूल सोडलं होतं, मिलिंद. त्यांच्याशी भांडतोस का?"

"त्यांच्याशीही भांडतो. त्यांना चालतं."

तुम्ही हसायचा. मला हसू यायचं नाही, कारण मी अंतोनीच्या बहिणीबद्दल बोलतच नव्हतो. मी माझ्या ताईबद्दल बोलत होतो. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती माझ्यासाठी. आई कामावर, धाकटी दोन घरात, आणि मी हुशार म्हणून मी शाळेत. ताई घरी बसून विड्या वळायची. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. मीच शंभरदा सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात अंतोनीच्या त्या चरित्राचं मराठी पुस्तक छपाईला निघालं. तुमचं हस्तलिखित मी टाइप केलं. आणि तुम्हाला न विचारता त्या पानावर एक परिच्छेद घातला. त्यात बहीण अंतोनीला म्हणते, "तू देवाची वाट पाहत होतास. मी तुझी वाट पाहत म्हातारी झाले." मला वाटलं होतं, छापून आल्यावर तुम्हाला दिसेल आणि तेव्हा तुम्ही हसाल. पण तुम्ही प्रुफं वाचायला मागितलीत.

त्या मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी मी आलो तेव्हा ते पान तुमच्या हातात होतं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मी लिहिलंय."

"का?"

"तुम्ही लिहिलं नाही म्हणून."

"मिलिंद, ती बाई सतराशे वर्षं गप्प आहे. तू तिला एका दुपारी बोलायला लावलंस."

मी चिडलो. खूप काही बोललो. शेवटी म्हणालो, "सर, तुम्हाला बहीण असती तर कळलं असतं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग उठलात, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. गॅसपाशी गेलात आणि विचारलंत, "चहा घेणार?"

मी चहा न घेता निघून आलो. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. फोन केला नाही. मला वाटत होतं, तुम्ही कराल.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, मी तुमच्या खोलीत कागद आवरत होतो. येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तुमची स्मरणसभा आहे आणि त्या दिवशी पुस्तक वाटावं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. छापखान्याचा माणूस सारखा विचारत होता, "पान अडलंय एक. तुमचा परिच्छेद ठेवू की काढू?" मी तुमची प्रुफं पाहिली. माझा परिच्छेद तुम्ही खोडला होता, पट्टी लावून, पेन्सिलीने, सरळ. कोणाच्याही वहीतलं वाक्य तुम्ही पट्टीशिवाय खोडलं नाही कधी. आणि खोडण्याआधी त्यातल्या माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. एक अनुस्वार दिला होता, एक स्वल्पविराम काढला होता. जे काढून टाकायचं तेही आधी शुद्ध करून. मी ते पाहत राहिलो. मला वाईट वाटलं की राग आला, ते सांगता येत नाही. मेलेल्या माणसाने नाही म्हटलं की त्याच्याशी पुढे बोलायचं कसं?

दारात एक बाई उभ्या होत्या. उंच, सडपातळ, पांढऱ्या सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. तुमच्यासारखं कपाळ. हे आता लिहितोय, तेव्हा दिसलं नाही.

"मिलिंद तूच का?"

"हो. आपण?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. बिदरच्या त्यांच्या चर्चमधल्या कोणीतरी पुढे पाठवलेला माझा मजकूर. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"'मागे कोणी नाही', हेही?"

"हो."

"मी सुलोचना. त्याची बहीण."

सर, मी खाली बसलो. त्यांना 'बसा' म्हणायचंही सुचलं नाही. त्याच मला म्हणाल्या, "पाणी कुठे आहे? तू पी आधी. रंग उतरलाय तुझा." चाळीस वर्षं नर्स होत्या त्या, हे नंतर कळलं. भावाच्या मरणाला उशिरा पोचलेल्या बाईने मला पाणी दिलं आणि मी ते प्यायलो.

"मंगळवारपासून फोन लावतेय. बंद. आज सकाळी हे आलं."

तुमचा फोन मीच बंद करून कपाटात ठेवला होता. त्यांच्यासमोर चालू केला. त्यात 'सुलू' नावाने नंबर होता. त्यावरून आलेल्या चोवीस मिस्ड कॉलचे मेसेज एकामागोमाग येऊन पडले. मी तो फोन उघडून पाहिलाच नव्हता, कारण काही पाहायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"सरांनी मला कधीच..." मी म्हणालो.

"तू विचारलंस?"

मी नाही विचारलं. दर महिन्याचा पहिला रविवार तुम्ही 'बाहेरगावी' असायचा. मला वाटायचं, चर्चचं काही काम. अकरा वर्षांत एकदाही मी 'कुठे?' म्हटलं नाही. माझ्या घरची, माझ्या ताईची, माझ्या पगाराची, माझ्या लग्नाच्या बोलण्याची प्रत्येक गोष्ट तुम्ही खोदून विचारायचा, आणि मी ते माझं महत्त्व समजायचो.

"तुझ्याबद्दल सगळं सांगायचा," त्या म्हणाल्या. "तुझी ताई बोधनला दिलीय. तिच्या पोराला दमा आहे. बरा आहे का आता?"

मी मान हलवली.

"चल. कुठे ठेवलंय त्याला, दाखव."

मिसरात अंतोनीने दोनच शिष्यांना सांगून ठेवलं होतं की, मला कुठे पुरलं ते कोणालाही कळू देऊ नका. ती जागा त्यांनी कोणाला सांगितली नाही. तुम्हाला तो भाग फार आवडायचा. रिक्षात मला सारखं तेच आठवत होतं आणि मला वाटत होतं, त्या दोघांपाशी ती म्हातारी बहीण आली असेल का? आली असेल तर त्यांनी काय सांगितलं असेल? आणि लगेच वाटलं, पुन्हा तेच करतोय मी. पुन्हा तिला बोलायला लावतोय.

तुमच्या मातीवर अजून फुलं होती, वाळलेली. लाकडी क्रूसावर रंगाने नंबर घातलेला. त्या उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

"चेहरा कसा होता?"

"शांत."

"खरं सांग. मी नर्स आहे, आणि मला तो पाहायला मिळाला नाही."

मिळाला नाही, कारण मी म्हणालो होतो, कोणाची वाट पाहायची नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. फ्रीझरच्या पेटीचंही सांगितलं. "हं," म्हणाल्या. "पुढे सांग."

मग मी खरं सांगितलं. तोंड थोडं उघडं होतं. चष्मा नाकावर घसरला होता. एकाच पायात मोजा होता.

"डाव्या?"

"हो. तुम्हाला कसं..."

"उजवा गुडघा वाकत नव्हता त्याचा. डावा मोजा घालायचा आणि मग उजव्यासाठी दम घेत बसायचा. दम घेता घेता काहीतरी वाचायचा." त्यांनी पदराने क्रूसावरची धूळ पुसली. "म्हणजे दम घेत होता."

आम्ही तिथल्याच एका जुन्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितोय, त्यात माझं काही घालत नाही.

"आईबाप एका वर्षात गेले. मी नऊची, तो एकोणीसचा. त्याला इकडे हैदराबादेत कॉलेज मिळालं होतं. जालन्याच्या बोर्डिंगात मला सोडलं त्याने. दारात बाई उभी, हा माझी पेटी हातात घेऊन उभा. मी रडले नाही. त्याला वाटलं, हिला कळलं नाही, लहान आहे. मला कळलं होतं. पुढे मी नर्स होऊन बिदरला आले. तेव्हापासून दर महिन्याला एक रविवार. कधी चुकला नाही."

"तुम्हाला राग नाही आला कधी?"

"कोणाचा?"

"सरांचा."

"आला की. नवव्या वर्षी आला, सोळाव्या वर्षी आला, पन्नासाव्या वर्षी गुडघे दुखायला लागल्यावरही आला. राग काय एकदाच येतो का रे?" मग थोडं हसल्या. "प्रत्येक वेळी उस्मानिया बिस्किटं आणायचा, दोन पुडे. मला ती आवडत नाहीत. गोड म्हणावीत तर खारट लागतात. सांगितलं नाही कधी. शेजारच्या मुलींना वाटायचे."

खोलीवर परत आल्यावर मी त्यांना ते पान दाखवलं. का दाखवलं माहीत नाही. मला वाटतं, मार खायला दाखवलं. चष्मा लावून त्यांनी तुमचं वाक्य वाचलं. मग पट्टीच्या रेघेखालचा माझा परिच्छेद वाचला.

"वाट पाहत म्हातारी झाली?" त्या म्हणाल्या. "इतक्या बायकांचा कारभार होता ना तिच्याकडे? त्यांचं खाणंपिणं, आजारपणं, रुसवेफुगवे. वाट कधी पाहील ती? तू कधी हॉस्टेल चालवलं नाहीस."

"नाही."

"हे तिचं नाही. तुझ्या ताईचं आहे का?"

"...हो."

"ती असं म्हणाली तुला?"

"नाही."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं.

"छापखान्यात काय सांगू?" मी विचारलं.

"त्याचं राहू दे. 'तिला पाहून त्याला फार आनंद झाला.' व्हायचा. तो बसमधून उतरताना मी गॅलरीतून बघायचे ना. म्हातारा झाला तरी शेवटची पायरी उडी मारून उतरायचा. गुडघा गेल्यावर बंद झालं ते."

आणि तेव्हा, सर, अकरा वर्षं तुम्हाला विचारत आलो ते मी त्यांना विचारलं. "आणि तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला.

"मला भूक लागलेली असायची," त्या म्हणाल्या. "तो येईपर्यंत जेवत नव्हते मी."

मी तुमचं वाक्य ठेवलं आहे. माझा परिच्छेद काढला. छापखान्याला तसं सांगितलं. मलपृष्ठावरच्या तुमच्या माहितीत 'मागे कोणी नाही' असं मीच लिहून ठेवलं होतं. तिथे आता लिहिलंय, 'त्यांच्या मागे त्यांची बहीण सुलोचना साळवे आहे.' ग्रुपवर दुरुस्ती पाठवली. पहिली बातमी बिदरपर्यंत गेली होती. दुरुस्तीला दोघातिघांनी हात जोडले, बाकीच्यांनी पाहिलीही नाही. चूक जितकी फिरते तितकी दुरुस्ती फिरत नाही, हे मी वर्गात मुलांना सांगत असतो.

तुमची क्षमा मागायला मी हे लिहायला बसलो होतो. पण माती देण्याची जी घाई मी केली तिचा अन्याय तुमच्यावर नाही, त्यांच्यावर झाला. त्यांची क्षमा मी मागितली. त्या म्हणाल्या, "बघू." मला ते बरं वाटलं. लगेच 'जाऊ दे' म्हणाल्या असत्या तर मला झोप लागली नसती.

तुमच्याशी मी बोललो ते वेगळं आहे. 'तुम्हाला बहीण असती तर.' तुम्ही एका वाक्यात मला गप्प करू शकला असता. 'आहे' एवढं म्हणायचं होतं. तुम्ही चहा विचारलात. का, सर? मला लाज वाटू नये म्हणून? की तिला वादातला मुद्दा करायचं नव्हतं म्हणून? मला हे कळणार नाही आता. तुमच्या जागी मी उत्तर लिहिणार नाही.

काल दुपारी क्लास सुटल्यावर, वर्गात कोणी नसताना, मी ताईला बोधनला फोन लावला.

"काय रे, आत्ता? बरा आहेस ना? जेवलास का?"

"जेवलो. ताई, एक विचारू?"

"पैसे लागतात का?"

"नाही गं. तुझी शाळा सुटली तेव्हा... तुला काय वाटलं होतं?"

"आता काय काढलंस हे? सर गेले म्हणून डोकं फिरलं काय तुझं?"

"सांग ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असेल, कारण आवाज कमी झाला. मला वाटलं, ती म्हणेल, तुझं भलं झालं त्यात माझं आलं. तेच म्हणते ती नेहमी, आणि तेच मी सगळ्यांना सांगत आलो.

"गणित आवडायचं मला," ताई म्हणाली. "आठवीत बीजगणित असतं म्हणे. बाईंनी सांगितलं होतं."

माझ्या मागे फळ्यावर सकाळच्या बॅचचं इंग्रजी तसंच होतं. ती बोलत राहिली, सर, बराच वेळ. वीस वर्षांचं साठलेलं. पुढे ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही. ते तिचं आहे. मी ऐकलं.